लोड बॅलन्सरवर साईट अडकली की बघायला सुरुवात कुठून करायची

सांगली, मिरज, कुपवाड, पलूस या पट्ट्यात आता बऱ्याच ठिकाणी, म्हणजे बँका, कारखाने, दवाखाने, मोठ्या शिक्षणसंस्था, रॅकमध्ये लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट मागच्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारा बॉक्स, बसलेला असतो आणि कॉलेजातनं नुकती बाहेर पडलेली पोरं-पोरी तिथं नेटवर्कच्या कामाला लागतात. स्विच माहीत असतो, राउटर माहीत असतो, फायरवॉलची थोडी ओळख असते, पण लोड बॅलन्सर कुणी बसून शिकवलेला नसतो. मग तासगावच्या ब्रांचमधनं फोन येतो, "सर, साईट उघडंना झालीय बघा, काउंटरला लाईन लागलीय," आणि नक्की काय बघायचं ते सुचत नाही म्हणून हात रीस्टार्टकडं जातो. त्या वेळेला हाताशी असावं म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरणं एफ फाईव्ह कंपनीच्या बिग-आयपी बॉक्सची आणि एचएप्रॉक्सी या मोफत सॉफ्टवेअरची घेतलीत कारण ही दोन सगळ्यात जास्त भेटतात, दुसऱ्या कंपनीचा बॉक्स असेल तर मेनूची नावं बदलतील, विचार तोच राहील.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

बहुतेक लोड बॅलन्सर फुल प्रॉक्सी पद्धतीनं चालतात, म्हणजे युजरचं कनेक्शन सरळ सर्व्हरपर्यंत जातच नाही. युजर ते लोड बॅलन्सर हे एक टीसीपी कनेक्शन आणि लोड बॅलन्सर ते सर्व्हर हे दुसरं, पूर्ण वेगळं. आपल्या हळदीच्या सौद्यात शेतकऱ्याचा व्यवहार अडत्याशी असतो आणि खरेदीदाराचाही अडत्याशीच, तसंच हे. त्यामुळं कुठलीही तक्रार आली तरी पहिला प्रश्न एकच विचारायचा, की दोनपैकी कुठलं कनेक्शन बिघडलंय? पुढची सगळी टूल्स या एका प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठीच आहेत, आणि हे न ठरवता जो सेटिंग बदलत सुटतो तो तासभर फिरून परत तिथंच येतो.

यातनंच एक गोष्ट निघते जी नव्या लोकांना हमखास फसवते. व्हीआयपीवर, म्हणजे लोड बॅलन्सरच्या ज्या व्हर्च्युअल आयपीवर युजर येतात त्यावर, टेलनेट मारला आणि कनेक्ट झालं म्हणून सर्व्हर चालू आहे असं समजू नका. ते हँडशेक, म्हणजे कनेक्शन जुळवायची सुरुवातीची देवाणघेवाण, लोड बॅलन्सरनं स्वतःच केलेलं असतं, सर्व्हरला त्याचा पत्तासुद्धा नसतो.

रीस्टार्ट करू नका, आधी टिपून घ्या

रीस्टार्ट केला की कनेक्शन टेबल गेलं, पर्सिस्टन्स टेबल (कुठला युजर कुठल्या सर्व्हरला चिकटवलाय त्याची यादी) गेलं, आणि प्रॉब्लेम तात्पुरता गायब झाला तरी का झाला होता ते कळायचा रस्ता बंद झाला, मग पुढच्या सोमवारी तोच फोन परत. फेलओव्हर मारून, म्हणजे सगळं काम जोडीतल्या दुसऱ्या बॉक्सवर नेणं, हेही तसंच. अगदी सगळं काम ठप्प असेल आणि वरून दबाव असेल तर करावं लागतं, मान्य आहे, पण त्याआधी पाच मिनिटं काढून पूलचं (व्हीआयपीच्या मागच्या सर्व्हरांच्या गटाचं) स्टेटस, कनेक्शन टेबल आणि लॉग कॉपी करून ठेवा. एफ फाईव्हवर क्यूकेव्ह्यू नावाची फाईल काढता येते, त्यात बॉक्सचं कॉन्फिग, लॉग, आकडे सगळं एकत्र येतं, आणि व्हेंडरला कॉल लावला की तेही पहिली तीच मागतात.

घड्याळ पण इथंच बघून घ्या. सर्व्हरचे लॉग यूटीसीमध्ये आणि लोड बॅलन्सरचे आयएसटीमध्ये असले तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि घड्याळं जुळवणारं एनटीपी नीट नसेल तर त्यात अजून दोन-चार मिनिटांचा घोळ. मग दोन्हीकडच्या ओळी जुळवताना माणूस वेडा होतो.

फोनवर काय विचारायचं

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. माझं मत असंय की निम्मे प्रॉब्लेम कीबोर्डला हात न लावता इथंच अर्धे सुटतात.

सगळ्यांना येतंय का काहींनाच? प्रत्येक वेळी येतंय का मधूनमधून? मागं तीन सर्व्हर आहेत आणि साधारण दर तिसऱ्या क्लिकला एरर येतोय तर राउंड रॉबिनमध्ये (पाळीपाळीनं वाटण्यात) एक सर्व्हर खराब आहे. एका माणसाला कायम एरर आणि शेजारच्या टेबलवाल्याला कायम व्यवस्थित, तर पर्सिस्टन्स, म्हणजे तो माणूस त्या खराब सर्व्हरला चिकटलाय, त्याला ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडून बघायला सांगा, तिथं चाललं तर कुकीवालं पर्सिस्टन्स आहे हे जवळजवळ नक्की. आणि एकाच ब्रांचच्या सगळ्यांना त्रास, बाकी तालुक्यात सगळं छान, तर पर्सिस्टन्स सोर्स आयपीवर आहे का ते बघा, कारण अख्खी ब्रांच नॅटच्या मागं एकाच आयपीनं बाहेर पडते आणि लोड बॅलन्सरला ती सगळी माणसं मिळून एकच माणूस दिसतो, मग सगळे एकाच सर्व्हरवर. हे लोड वाटायच्या बाबतीतही लागू आहे, एका सर्व्हरचा सीपीयू नव्वदवर आणि बाकीचे निवांत अशी तक्रार असली तर आधी हेच तपासायचं.

अजून एक विचारायचं, की एरर लगेच येतो का थांबून येतो. लगेच म्हणजे कुणीतरी स्पष्ट नकार दिलाय. थांबून, आणि दर वेळी साधारण तेवढ्याच सेकंदांनी, म्हणजे कुठलातरी टाइमआउट लागतोय. किती सेकंद ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजायला सांगा, लोक आनंदानं मोजून सांगतात.

पूल आणि हेल्थ मॉनिटर

आता बॉक्सवर लॉगिन करा. वेब स्क्रीनवर व्हर्च्युअल सर्व्हर, पूल, मेंबर (पूलमधला एकेक सर्व्हर) असं वरून खाली बघत या, कमांड लाईन आवडत असेल तर एफ फाईव्हवर टीएमएसएच या कमांड शेलमध्ये शो एलटीएम पूल आणि पुढं पूलचं नाव आणि मेंबर्स. एचएप्रॉक्सीला स्टॅट्स पेज असतं, ते बंद ठेवलं असेल तर सॉकॅट वापरून ॲडमिन सॉकेटला शो स्टॅट विचारता येतं.

मेंबर लाल दिसला तर सर्व्हरच बंद आहे असं लगेच धरू नका. मॉनिटर (सर्व्हर ठीक आहे का हे ठरावीक वेळानं तपासणारी सेटिंग) सर्व्हरला काय विचारतोय आणि काय उत्तर अपेक्षित धरतोय ते उघडून वाचा. डेव्हलपरनं काल रात्री होमपेजला रीडायरेक्ट लावलं आणि मॉनिटर २०० ची वाट बघतोय पण ३०२ मिळतंय, असं असू शकतं. मॉनिटर एचटीटीपी १.१ बोलतोय पण होस्ट हेडर पाठवत नाही म्हणून सर्व्हर ४०० देतोय, असं असू शकतं. मॉनिटरसाठी जो युजर बनवलाय त्याचा पासवर्ड एक्स्पायर झालाय. सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये लोड बॅलन्सरच्या सेल्फ आयपीला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आयपीला, परवानगी नाही, आणि जोडीतल्या दुसऱ्या बॉक्सचा सेल्फ आयपी वेगळा असतो हे फायरवॉलवाल्याला कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून एका बॉक्सवर हिरवं आणि दुसऱ्यावर लाल.

उलटा प्रकार जास्त घातक. सगळं हिरवं आहे आणि साईट चालत नाही. याचं कारण बहुतेक वेळा मॉनिटर फार साधा ठेवलेला असतो. पिंगचा मॉनिटर फक्त मशीन जागं आहे एवढं सांगतो, टीसीपीचा मॉनिटर पोर्ट उघडा आहे एवढं, पण आतलं ॲप्लिकेशन डेटाबेसची वाट बघत अडकलं असेल तरी पोर्ट उघडाच राहतो ना. म्हणून मॉनिटर असा लावा की तो एखादं छोटं पेज मागेल, ते पेज डेटाबेसला हात लावून येईल आणि उत्तरात ठरलेला शब्द दिसला तरच हिरवं. हे डेव्हलपरकडून मागून घ्यायला लाजू नका.

आकडे पण माहीत असू द्या. एफ फाईव्हच्या मॉनिटरचा इंटरव्हल मुळात ५ सेकंद आणि टाइमआउट १६ असतो, इंटरव्हलची तिप्पट अधिक एक असा तो हिशोब. म्हणजे सर्व्हर पडल्यावर १६ सेकंदांपर्यंत युजर त्याच्याकडं जात राहू शकतात, तेवढ्या वेळातल्या तक्रारी खोट्या नसतात. एचएप्रॉक्सीत मुळात २ सेकंदांचा इंटरव्हल, सलग ३ वेळा नापास झाला की डाऊन आणि सलग २ वेळा पास झाला की परत अप.

कर्ल, दोन जागांवरनं

सगळ्यात आवडतं टूल कुठलं विचाराल तर कर्ल, म्हणजे कमांड लाईनवरनं वेब रिक्वेस्ट पाठवणारा प्रोग्रॅम. एकदा तुमच्या लॅपटॉपवरनं व्हीआयपीला मारा आणि एकदा लोड बॅलन्सरच्या शेलमधनं प्रत्येक सर्व्हरला सरळ मारा. दुसरं व्यवस्थित आणि पहिलं बिघडलेलं तर गडबड युजरच्या बाजूला किंवा लोड बॅलन्सरच्या कॉन्फिगमध्ये. दुसरंच बिघडलेलं तर सर्व्हरवाल्यांना फोन लावा, पण पुराव्यासकट. डॅश व्ही लावलात की हेडर दिसतात, आणि डोमेनचं नाव तेच ठेवून ठरावीक आयपीकडं पाठवायचं असेल तर रिझॉल्व्ह ऑप्शन वापरा, होस्ट फाईल बदलत बसायची गरज नाही.

कर्ल वेळसुद्धा तोडून सांगतो, त्यासाठी डॅश डब्ल्यू. त्यातले तीन बघायचे: टाईम कनेक्ट म्हणजे टीसीपी जुळेपर्यंत, टाईम ॲपकनेक्ट म्हणजे टीएलएस (एन्क्रिप्शन) जुळेपर्यंत, टाईम स्टार्टट्रान्सफर म्हणजे उत्तराचा पहिला बाईट येईपर्यंत. हे तिन्ही सुरुवातीपासून मोजलेले असतात, त्यामुळं वजाबाकी करायची. समजा कनेक्ट ०.०१२, ॲपकनेक्ट ०.०४० आणि स्टार्टट्रान्सफर ८.३ आलं, तर लोड बॅलन्सरपर्यंतचा रस्ता झकास आहे, टीएलएस झकास आहे, आणि पुढची आठ सेकंद मागच्या बाजूला गेली. एवढी एक ओळ दाखवली की "नेटवर्क स्लो आहे" हा वाद तिथंच मिटतो.

एचएप्रॉक्सी असेल तर हेच लॉगमध्ये आयतं मिळतं. प्रत्येक रिक्वेस्टच्या ओळीत क्यूमध्ये थांबलेला वेळ, सर्व्हरशी कनेक्ट व्हायला लागलेला वेळ, उत्तर सुरू व्हायला लागलेला वेळ असे आकडे असतात आणि उणे १ दिसलं तर तिथपर्यंत गाडी पोचलीच नाही. त्याच ओळीत सेशन कसं संपलं याची अक्षरं असतात. मोठा एस मोठा सी म्हणजे सर्व्हरनं कनेक्शन नाकारलं, लहान एस मोठा एच म्हणजे कनेक्शन झालं पण सर्व्हरनं वेळेत हेडरच दिले नाहीत, मोठा सी मोठा डी म्हणजे डेटा चालू असताना युजर स्वतःच निघून गेला. लहान अक्षर टाइमआउटचं, मोठं अक्षर मध्येच तोडल्याचं, हे लक्षात ठेवलं की अर्धं टेबल पाठ झालं. युजरला दिसणारे कोड पण बोलतात: ५०३ म्हणजे पाठवायला एकही सर्व्हर नाही, ५०४ म्हणजे सर्व्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही, ५०२ म्हणजे उत्तर आलं पण मोडकंतोडकं.

टीसीपीडम्प

इथपर्यंत उत्तर नाही मिळालं तर टीसीपीडम्प या टूलनं पॅकेट पकडून बघायचे. लोकांना याची भीती वाटते, वाटायचं कारण नाही, पाच नमुने ओळखता आले तरी पुष्कळ.

एफ फाईव्हवर इंटरफेसच्या जागी ०.० आणि त्याला कोलन लावून तीन एन दिलेत की त्यांची स्वतःची जादा माहितीही पॅकेटबरोबर येते, आणि त्यात पी जोडला की युजरच्या आयपीवर फिल्टर लावला तरी त्याच कनेक्शनची सर्व्हरकडची बाजूसुद्धा आपोआप पकडली जाते. हा पी म्हणजे वरदान आहे, दोन कनेक्शन जुळवायचं डोकेदुखीचं काम तो करतो. नेटस्केलर या दुसऱ्या लोड बॅलन्सरवर याच कामाला एनएसट्रेस आहे. कुठंही असलात तरी होस्टचा फिल्टर लावा, पॅकेटची मर्यादा घाला, फाईलमध्ये लिहा आणि ती आपल्या मशीनवर आणून वायरशार्कमध्ये उघडा. भर कामाच्या वेळी बिनफिल्टरचा डम्प सोडून दिला तर डिस्क भरते आणि नवीनच प्रॉब्लेम उभा राहतो. आणि टीएलएस लोड बॅलन्सरवर उघडत असेल तर मागच्या बाजूला लोकांचे पासवर्ड, खाते क्रमांक उघडे दिसू शकतात, ती फाईल व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही, काम झालं की पुसायची.

आता नमुने. सिन (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट; त्याला होकार म्हणजे सिन-ॲक, पोच म्हणजे ॲक, तोडून टाकणं म्हणजे रीसेट) गेला आणि काहीच आलं नाही, मग १ सेकंदानं, ३ सेकंदानं, ७ सेकंदानं परत सिन, तर मध्ये फायरवॉल गुपचूप टाकून देतोय किंवा रूट नाही. सिनला लगेच रीसेट आला, तर मशीनपर्यंत पोचलो पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. हँडशेक झालं, रिक्वेस्ट गेली, तिचा ॲक आला आणि मग शांतता, तर ॲप्लिकेशन अडकलंय. आणि कनेक्शन छान चालू असताना अचानक रीसेट, तर तो कुणी पाठवला ते बघायचं. एफ फाईव्हनं स्वतः पाठवला असेल तर का पाठवला हे आरएसटी कॉजचं लॉगिंग चालू केलं की लॉगमध्ये लिहून येतं, काम झालं की ते बंद करा.

एक सूचना, लेयर चारवरच्या फास्ट मोडमध्ये आणि हार्डवेअर ॲक्सलरेशन असलेल्या बॉक्सवर चालू कनेक्शनचे पॅकेट सीपीयूपर्यंत येतच नाहीत, म्हणून डम्पमध्ये दिसत नाहीत. ट्रॅफिकच नाही असा निष्कर्ष काढू नका.

पाचवा नमुना मुद्दाम मागं ठेवला कारण नवीन सेटअपमध्ये तो फार भेटतो. समजा युजर १०.२०.५.२३, व्हीआयपी १०.२०.१.५०, सर्व्हर १०.२०.१.६१ आणि सर्व्हरचा गेटवे लोड बॅलन्सर नसून नेहमीचा राउटर आहे. स्नॅट, म्हणजे सर्व्हरकडं जाताना युजरच्या आयपीऐवजी लोड बॅलन्सरचा आयपी लावणं, बंद आहे. युजरचा सिन व्हीआयपीवर आला, लोड बॅलन्सरनं आपला वेगळा सिन युजरच्याच आयपीनं सर्व्हरला पाठवला, सर्व्हरनं बघितलं की अरे हा १०.२०.५.२३ आहे, आणि सिन-ॲक राउटरवरनं सरळ त्याच्याकडं पाठवला, लोड बॅलन्सरला चुकवून. युजरच्या मशीननं बोलणं सुरू केलं होतं .५० शी आणि उत्तर येतंय .६१ कडनं, ते म्हणतं मी याला ओळखत नाही आणि रीसेट मारतं, किंवा मधला फायरवॉल ते पॅकेट आधीच टाकून देतो. लोड बॅलन्सरवर डम्प घेतला तर सर्व्हरकडं सिन जाताना दिसतात, उत्तर एकही नाही, आणि सर्व्हरवर डम्प घेतला तर सिन पण आहे आणि सिन-ॲक पण आहे. हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले की लगेच कळतं. उपाय दोन, सर्व्हरचा गेटवे लोड बॅलन्सर करा किंवा स्नॅट ऑटोमॅप चालू करा. स्नॅट केलात की सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळ्या रिक्वेस्ट लोड बॅलन्सरच्याच आयपीनं दिसतील आणि ऑडिटवाले विचारतील, म्हणून युजरचा खरा आयपी सांगणारं एक्स फॉरवर्डेड फॉर हेडर घालायचं आणि सर्व्हरवाल्यांना ते लॉग करायला सांगायचं.

गर्दीच्याच वेळी होणारे प्रॉब्लेम

स्नॅटचा अजून एक पैलू. एका स्नॅट आयपीवरनं एका सर्व्हरच्या एका पोर्टकडं जास्तीत जास्त ६४ हजारांच्या आसपास कनेक्शन होऊ शकतात कारण सोर्स पोर्टच तेवढे. लिनक्सवरच्या एचएप्रॉक्सीला तर मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच, म्हणजे २८,२३२ पोर्ट, आणि कनेक्शन बंद केलेला पोर्ट टाईम वेट या थांबण्याच्या अवस्थेत ६० सेकंद बसून राहतो. भागाकार केला तर सेकंदाला साधारण ४७० नवीन कनेक्शनवर ओढाताण सुरू होऊ शकते. सकाळी अकरा ते एक त्रास आणि दुपारी आपोआप बरं, असं ऐकलं की एसएस डॅश एस मारून टाईम वेटचा आकडा बघा, एफ फाईव्हवर एलटीएम लॉगमध्ये इनेट पोर्ट एक्झॉशन शोधा. स्नॅट पूलमध्ये आयपी वाढवा आणि सर्व्हरशी कीप अलाईव्ह वापरा, म्हणजे तेच कनेक्शन परत परत वापरलं जाईल.

सर्टिफिकेट

कॉम्प्युटरवर साईट उघडते आणि मोबाईल ॲपवर नाही, तर इंटरमिजिएट सर्टिफिकेट (साईटचं सर्टिफिकेट मूळ संस्थेशी जोडणारं मधलं) लावायचं राहिलंय का ते आधी बघा, ब्राउझर ते स्वतः मिळवून वेळ निभावून नेतात, ॲप नेत नाहीत. ओपनएसएसएलचं एस क्लायंट शो सर्ट्सबरोबर चालवा आणि सर्व्हर नेम द्यायला विसरू नका, नाहीतर भलतंच सर्टिफिकेट दिसेल. जोडीतल्या दोन्ही बॉक्सवर तपासा, सिंक राहिलेला असला तर फेलओव्हरच्या दिवशी जुनं सर्टिफिकेट बाहेर येतं. पब्लिक सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती, ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ ला १०० आणि २०२९ ला ४७ दिवस असं ठरलेलं आहे, तेव्हा वहीत तारीख लिहून हातानं बदलायची पद्धत आता टिकणार नाही, ऑटोमेशन शिकून घ्या.

जोडी, व्हीआरआरपी आणि व्हीपीएन

कीपअलाईव्हडी (लिनक्सवर दोन मशीनची जोडी चालवणारा प्रोग्रॅम) वापरून जोडी केली असेल आणि दोन्ही मशीन मीच मास्टर म्हणत असतील तर त्यांच्यामधल्या रस्त्यावर व्हीआरआरपी, म्हणजे मास्टर कोण हे ठरवणारा प्रोटोकॉल, अडतंय. ते टीसीपी पण नाही, यूडीपी पण नाही, त्याचा प्रोटोकॉल नंबर ११२ आणि मल्टिकास्ट पत्ता २२४.०.०.१८, फायरवॉलमध्ये त्याला वेगळी परवानगी लागते. आणि व्हर्च्युअल राउटर आयडी ५१ असेल तर सावध, नमुन्याच्या कॉन्फिगमध्ये ५१ असतो, सगळे तोच कॉपी करतात, मग एकाच व्हीलॅनवर दोन वेगळ्या जोड्या एकमेकींच्या पायात येतात.

ज्यांनी २०१९ च्या महापुरानंतर सर्व्हर पुण्याला नेऊन ठेवले त्यांच्या ब्रांच व्हीपीएनवरनं येतात. तिथं लॉगिन पेज उघडतं पण मोठा रिपोर्ट अडकतो अशी तक्रार आली तर एमटीयू, म्हणजे रस्त्यात मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटचा आकार, तपासा. फ्रॅगमेंट करू नको असं सांगून १४७२ बाईटचा पिंग मारा, जात नसेल तर आकडा कमी करत जा, कुठं जायला लागतो त्यात २८ मिळवले की खरा एमटीयू. रिपोर्ट पाच मिनिटांनी तुटत असेल तर मात्र एमटीयू नाही, एफ फाईव्हच्या टीसीपी प्रोफाईलचा आयडल टाइमआउट मुळात ३०० सेकंद असतो, तो बघा.

घरी सराव

बॉक्स महाग असला तरी शिकायला तो लागत नाही. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीन छोट्या लिनक्स व्हीएम, एकावर एचएप्रॉक्सी, दोनवर एनजिनएक्स, झालं. मग स्वतःच मोडायचं. एका सर्व्हरवर आयपीटेबल्सनं पोर्ट ड्रॉप करा, डम्प घ्या, मग ड्रॉपच्या जागी टीसीपी रीसेटवालं रिजेक्ट करा, परत डम्प घ्या, दोन्ही वायरशार्कमध्ये शेजारीशेजारी उघडा आणि त्याच वेळच्या एचएप्रॉक्सीच्या लॉगमधली ती दोन अक्षरं बघा. ड्रॉपला लहान एस येतो आणि रिजेक्टला मोठा. हे जमलं की पेजमध्ये वीस सेकंदांचा स्लीप टाकून सर्व्हर टाइमआउट दहावर आणा, ५०४ येतो का बघा, आणि पुढच्या वेळी मागं एखादा छोटा डेटाबेस जोडून, मॉनिटर टीसीपीचा ठेवून तो डेटाबेस बंद करा, सगळं हिरवं राहून साईट कशी पडते ते दिसेल.